रेडिओचं पोट अन् धुऱ्यावरची तार

माही पोरगी चालाले लागली अन् माहा जीव धाकात पडला. लोकाच्या घरी लेकरानं पयलं पाऊल टाकलं की आनंद होते. आमच्याही घरी झाला, आत्याबाईनं, म्हनजे माह्या सासूनं, सगळ्याहीच्या हातावर गूळ ठेवला, पन मी दारात उभी राहून वावराकडंच पाहून राहिली होती. कारन आमचं घर वावरातच हाय, अकोल्याहून पातूरकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत, घराच्या सभोवताल फुलं, झेंडू, शेवंती, गलांडा, अन् फुलं सरली की चारी धुऱ्याले, म्हनजे बांधाले, तार. झटक्याची तार.

ज्याहीनं पाह्यली नसीन त्याहीले सांगते. आमच्या इकडं रानडुकरं अन् रोही, म्हनजे नीलगाई, लय झाले, एका रातीत वावर उलथंपालथं करून टाकते, म्हनून लोकं धुऱ्यानं लोखंडी तार ओढते अन् तिले सोलरची एक लहान मशीन जोडते. मशीन थांबून थांबून तारीत झटका सोडते. जनावराले चटका बसते, ते पळून जाते, मरत नाई. मानूसही मरत नाई. हे मले सगळ्याहीनं सांगतलं. माह्या नवऱ्यानं तं माह्यासमोर तारीले बोट लावलं, चटका बसला तसा हात झटकला अन् हासला.

"पाह्य, मेलो काय मी?"

"तुमी मोठे हा," मी म्हनलं. "ती येवढीशी हाय."

"अवं, तिलेही काई होत नाई. एकदा चटका बसला की दुसऱ्यांदा जाईन नाई तिकडं."

मले त्या एकदाचीच भीती होती.

मी भित्रीच हाव, लहानपनापासून. इजेले भिते, सुईले भिते, कोनी मोठ्यानं बोललं तरी भिते. बाळंतपनानंतर तं जास्तच झालं. पोरगी झोपली की तिच्या नाकाजवळ हात धरून पाहो, श्वास चालू हाय ना. दवाखान्यातली बाई म्हने, होते असं पयल्या खेपेले, जाईन. पन जाईना. भाकर टाकता टाकता अचानक छाती धडधड करे, लांबून धावत आल्यासारखा दम लागे, अन् मी तं बसल्या जागी असो. त्या दिवसात मले ज्यानं धरून ठेवलं ते रेडिओ. आयकाचे नाई. उघडाचे.

आता बाईमानूस रेडिओ उघडते काहून, हे पयले सांगा लागीन.

माहं माहेर अमरावतीचं. बाबाची भाजीची गाडी होती, चांदूर बाजारकडून आलेला माल मंडीतून उचलायचा अन् गल्लीगल्लीनं विकायचा. आमी भाड्यानं राहो एका घराच्या मांगच्या खोलीत, अन् समोर घरमालक काका. काका हॅम होते. हॅम म्हनजे परीक्षा देऊन, परवाना घेऊन, आपल्याच घरच्या रेडिओवरून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या तशाच मानसासंग बोलनारा. ना पगार ना दुकान, नुसता शौक. त्याहीच्या गच्चीवर पान्याच्या टाकीपासून तं निंबाच्या झाडापर्यंत एक लांब तार बांधलेली होती. माह्या मायले वाटलं, घरमालकानं किरायदाराची सोय केली. तिनं त्या तारीवर धुतलेल्या साड्या वाळत टाकल्या. काका खाली आले अन् हात जोडून म्हनले, "वैनी, तुमच्या साडीनं माहं जपान बंद केलं."

माय घाबरून वर धावली, अन् काका लय हासले. त्या दिवसापासून मी त्याहीच्या गच्चीवर जाले लागली.

काका आमा लेकराहीले एक खेळ खेळवत. फुलपुड्याएवढी एक डबी त्याहीनं बनवली होती, तिच्यातून पीक पीक असा आवाज रेडिओत जाये. डबी कुठंतरी लपवत अन् आमच्या हाती लहान रेडिओ देत, शोधा म्हने. रेडिओच्या पोटात एक काळी काडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. ती काडी आवाजाले आडवी धरली की आवाज मोठा येते, अन् काडीचं टोक सरळ आवाजाकडं केलं की आवाज एकदम मरते. बाकीचे पोट्टे मोठ्या आवाजाच्या मांगं धावत, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी भित्री, मी धावत नव्हती, एका जागी उभी राहून हळूहळू फिरो अन् आवाज कुठं मरते ते पाहो. मंग त्या बाजूनं सरळ जाओ. डबी कवा कुंडीत, कवा काकाच्या चपलेत. शाळेत मी कवाच पयली आली नाई. या खेळात येत होती.

नववीत शाळा सुटली. माय बिमार पडली, घरी लहान भाऊ, कोनी तरी घरी राहाले पायजे होतं, तं मी राहिली. पन संध्याकाळी काकाच्या टेबलाजवळ बसाले भेटे. इंग्रजी पुस्तकं मले वाचता येत नव्हते, पन रेडिओतल्या पार्टावर रंगाचे पट्टे असते, ते वाचता येऊ लागले. तपकिरी, काळा, लाल. कोन्या रंगाचा काय आकडा, ते पाठ झालं. काका म्हनत, "हे तुही एबीसीडी. हे सगळ्या देशात सारखीच हाय."

माह्या लग्नात लोकाहीनं मिक्सर देल्ला, कुकर देल्ला, अन् काकानं तारा जोडाची, सोल्डरची कांडी देल्ली, संग राळेची डबी अन् बिस्किटाच्या डब्यात जुन्या सेटातून काढलेले पार्ट. रुखवतात सगळं मांडून ठेवलं होतं. सासरकडची एक बुढी ती कांडी उचलून म्हने, "हे काय व, केस कुरळे कराची मशीन?" कोनी तरी हो म्हनलं. मीही हो म्हनलं. मंग डबा अन् कांडी कपाटाच्या मांगं गेली, अन् बरेच दिवस तिथीच होती.

आमच्या घरी मामाजीचा, म्हनजे माह्या सासऱ्याचा, एक रेडिओ फळीवर होता. मामाजी गेले तवापासून बंद. आत्याबाई रोज त्याच्यावरची धूळ पुसे. पोरगी पोटात होती, मले काई काम करू देत नव्हते, अन् रिकामं बसलं की भीती वाटे. एक दिवस मी म्हनलं, "आत्याबाई, उघडून पाहू काय?"

"बिघडवशीन."

"बिघडलेलाच हाय ना."

तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग रेडिओकडं. "पाह्य बाप्पा. तुह्या हातानं मरो का जगो."

उघडला तं आत मुंग्याहीचं वारूळ, एक वाळलेली पाल, सेलाच्या जागी हिरवा गंज. गंज खरवडला. एक तार तुटलेली दिसली, ती जोडली. मंग नवे सेल टाकले अन् बटन फिरवलं, तं नुसतं खर्रर्र. मले त्या खर्रचंच येवढं सुख झालं काय सांगू, मेलेल्या वस्तूनं श्वास घेतला असं वाटलं. अन् हळूहळू खर्रच्या आतून नागपूर आकाशवाणीचा मानूस बोलाले लागला, कोबीचे भाव, वांग्याचे भाव. आत्याबाई मोरीतून धावत आली, हाताले राख तशीच. उभी राहिली. डोळे भरले तिचे, पन मले म्हने, "आवाज कमी कर व, लोकं म्हनतीन बुढा वापस आला काय."

दुसऱ्या दिवशी तिनं सपरीतला, म्हनजे ओसरीतला, कोपरा रिकामा करून देल्ला. शिवनाच्या मशीनीचं लाकडी टेबल होतं, मशीन गंजलेली, ती काढून ठेवली. मी काई मांगतलं नव्हतं. पोरगी झाल्यावर दुपारी पोरगी तिच्या मांडीवर अन् मी माह्या टेबलाजवळ, हे तिनंच ठरवलं. माहा चेहरा पडला दिसला की म्हने, "जाय, तुह्या दवाखान्यात बस थोडं." अन् कोनी बाया आल्या की त्याहीच्यासमोर टोमने. "लोकाच्या सुना पापड लाटते, माही सून तार लपेटते." "रेडिओचं पोट फाडून बसते अन् पोरगी मले देते." पन पोरगी रडली तरी मले हाक मारत नव्हती. सोता उठून फिरवे तिले, घरभर, अंगनभर.

माहा नवरा सकाळी फुलं घेऊन अकोल्याले जाये, वापस येताना रिकाम्या कॅरेटमंधी कवा भंगारातला एखादा रेडिओ, कवा बारीक तारेचं रीळ. त्यातलं काई कामाचं नसे, काई लय कामाचं असे, त्याले ते समजत नव्हतं. "ह्याच्यात लाल तार दिसली म्हनून आनला," म्हने. मले अजूनही हासू येते. लाल तार दिसली म्हनून.

कोनी विचारते, काय भेटते त्यात? मले बरोबर सांगता येत नाई. सोल्डर करताना हात हालून चालत नाई, श्वाससुद्धा रोखून धरा लागते. राळेचा धूर निघते, देवळातल्यासारखा वास येते. सोल्डर पयले थबकते, फिक्कं दिसते, अन् मंग एकदम वितळून तुपावानी पसरते, चमकते. तेवढ्या वेळ सगळा जीव मोहरीएवढ्या जागेवर ठेवा लागते. माहा जीव त्या दिवसात सगळीकडं सांडलेला होता, पोरीच्या श्वासावर, आभाळावर, तारीवर. तो मोहरीएवढ्या जागेवर गोळा होये. उठली की छाती शांत. धडधड नाई.

ठिबकच्या पाइपाचा तुकडा कापून त्याच्यावर तार गुंडाळली की चांगली कॉइल होते, हे मले कोनी सांगतलं नव्हतं, वावरात पाइप पडले होते म्हनून सुचलं. काकाले फोनवर सांगतलं तं ते लय खूश झाले. त्याहीच्याच सांगन्यावरून मी एक वेगळा सेट बनवाले घेतला. काका रविवारी सकाळी आपल्या दोस्ताहीसंग हवेवर बोलते, ते मले आयकाचं होतं. साध्या रेडिओवर त्याहीचं बोलनं बदकासारखं येते, क्वॅक क्वॅक, शब्दच समजत नाई. त्याले आनखी एक लहान सर्किट जोडा लागते, तवा बदकाचा मानूस होते.

नवरा म्हने, "अवं, फोनवर तं रोज बोलते काकासंग. मंग रेडिओवर काहून आयकाचं?"

"फोनवर कंपनी आनून देते," मी म्हनलं. "हे मले सोता पकडाचं हाय."

लय रविवार गेले. कवा नुसतं खर्र, कवा नुसतं बदक. आत्याबाई चहा ठेवून जाये अन् विचारे, "आला काय तुहा काका?" "नाई." "झोपला असीन." अन् एका रविवारी बटन अगदी केसभर फिरवलं तं त्या क्वॅक क्वॅकमधून काका निघाले. साफ. काई मोठं बोलत नव्हते. गुडघा दुखून राहिला होता त्याहीचा, कोन्या तेलानं मालिश केली ते सांगून राहिले होते कोनाले तरी. अन् मी इकडं, पोरीले दूध पाजत, रडून राहिली होती. आत्याबाई म्हने, "काय झालं व, कोन गेलं?" मी म्हनलं, "कोनी नाई गेलं. काकाचा गुडघा दुखते." तिनं कपाळाले हात लावला.

मी काकाशी तिकडून बोलू शकत नव्हती, मले परवाना नाई, मी नुसती आयकनारी. पन तेवढंच मले पुरे होतं.

हा शौक करता करताच मले तारीचा आवाज भेटला. मशीनीची तार गवताले लागली की तिथी बारीक ठिनगी पडते अन् ती रेडिओत आयकू येते, टक्, टक्, टक्. पयले मले वाटलं माहं जोडकाम खराब हाय, दोन दिवस सगळं उकलून पाह्यलं. मंग काका म्हनले, "तुह्या सेटात काई नाई व, तुह्या धुऱ्यावर तन वाढलं." खरंच वाढलं होतं. लहान रेडिओ हाती घेऊन धुऱ्या-धुऱ्यानं फिरली, जिथी टक् मोठी झाली तिथी गवत. नवरा विळा घेऊन माह्यामांगं. त्याले मजा वाटे, मलेही वाटे. गवत कापलं तरी बारीक टक् राहेच, आमच्या तारीची सावकाश, अन् पलीकडच्या शेजाऱ्याच्या तारीची थोडी घाईची. दोघी मिळून टेबलावर आयकू येत. त्या टकटकीनं मले उलट बरं वाटाले लागलं. टक् आयकू आली म्हनजे तार थांबून थांबून श्वास घेते, म्हनजे ती फक्त चटका देनारी तार हाय.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. शेजाऱ्यानं भुईमूग लावला होता, अन् भुईमुगाच्या शेंगाहीसाठी डुकरं वेडे होते. त्यातच त्याहीची मशीन बिघडली, अकोल्याले दुरुस्तीले गेली. हे त्याहीनं सोता येऊन आत्याबाईले सांगतलं होतं. "तार मेलेली हाय सध्या, वैनी. मशीन येऊ द्या वापस." म्हनून आत्याबाई दुपारी पोरीले घेऊन त्याच बाजूच्या निंबाखाली बसाले लागली. सावली चांगली, अन् तार मेलेली. मीही बिनघोर होती. एक बाजू तरी सुटली म्हनलं.

पन शेंगा जाऊन राहिल्या होत्या. शेजाऱ्यानं राती पान्याच्या मोटारीच्या पेटीतून सरळ वायर काढून तारीले लावली. कोनाले सांगतलं नाई. आमच्या इकडं वावराची लाइन पाळीनं येते, एक हप्ता राती, एक हप्ता दिवसा, घरची लाइन वेगळी. त्याहीनं रातच्या पाळीत वायर लावली, सकाळी लाइन गेली, तार थंड झाली, तं काढाचीच राहून गेली. अन् त्या दिवशी पाळी बदलली.

हे सगळं मले मागून समजलं. तवा मी टेबलाजवळ बसली होती. सेलावरचा रेडिओ चालू, आमच्या तारीची टक् हळू हळू येऊन राहिली होती, नागपूरवर कोनी गात होतं. अन् एकदम घुर्रर्रर्र. गानं बुडालं. मले वाटलं माह्यानंच काई तुटलं, मी बटन हालवलं, सेल दाबून पाह्यले. घुर्र चालूच. घरचा पंखा बंद केला. चालूच. तेवढ्यात शेजाऱ्याच्या मोटारीकडं कान गेला, ती लाइन आली की सोताच चालू होये. लाइन आली होती. घुर्र अन् मोटार एकाच वेळी सुरू झाले, हे माह्या डोक्शात आलं.

मी लहान रेडिओ उचलला अन् सपरीच्या बाहेर उभी राहून हळूहळू फिरली. घुर्र, घुर्र, अन् एका जागी घुर्र मेली. काडीचं टोक सरळ शेजाऱ्याच्या धुऱ्याकडं होतं. शेवंतीच्या पयल्या ओळीपर्यंत गेली, रेडिओ आडवा धरला, घुर्र मोठी. आनखी गेली, आनखी मोठी. अन् तिच्यात थांबनंच नव्हतं. झटका थांबते. ही थांबत नव्हती. ही सरळ लाइन होती.

मले पक्कं माहीत नव्हतं. मी नववी शिकलेली, चुकली असती तं सारं गाव हासलं असतं. पन मी धावली. मी, जिले बसल्या जागी दम लागे, ती शेवंती तुडवत धावली. निंबाखाली आत्याबाई ओच्यात फुलं घेऊन निवडून राहिली होती, अन् पोरगी तिच्यापासून सुटून तारीकडं निघाली होती, पलीकडं शेजाऱ्याच्या बकरीचं पिल्लू बांधलेलं, त्याच्याकडं दोन्ही हात करून, हासत.

"आत्याबाई, पोरीले उचला! उचला!"

आत्याबाईनं मान वर केली. आजवर मी काई म्हनलं अन् तिनं 'काहून' विचारलं नाई असं झालं नव्हतं. भाजीत मीठ जास्त काहून, पोरीले टोपी काहून, रेडिओ काहून. त्या दिवशी तिनं नाई विचारलं. ओच्यातली फुलं तिथीच सांडली, उठली अन् मांगून पोरीचं झबलं धरून तिले हवेतच उचललं. पोरीचे हात तारीपासून किती दूर होते ते मले माहीत नाई. मी पाह्यलंच नाई, मी डोळे मिटले होते.

मंग मी ओरडली, "मामा! मोटार बंद करा! तारीत लाइन हाय!"

शेजारी पान्याच्या दांडातून उभे राहिले. "तार बंद हाय व बाई, मशीन अकोल्याले..." येवढं म्हनले अन् थांबले. त्याहीचा चेहरा मी इसरू शकत नाई. हातातलं फावडं टाकून ते पेटीकडं धावले, येवढे मोठे मानूस, धोतर सुटलं तरी धावले. खटका पडला. माह्या हातातल्या रेडिओतली घुर्र तिथंच तुटली अन् नागपूरवाला गाऊ लागला, जसं काई झालंच नाई. मी मातीतच बसली.

ते आले, पन धुऱ्याच्या पलीकडंच उभे राहिले, जवळ याची हिंमत नव्हती त्याहीची.

"रातचीच पाळी समजून वायर तशीच ठेवली मी. शेंगाहीसाठी... एक रात म्हनून लावली वैनी, एक रात म्हनून."

"भाऊ," आत्याबाई म्हने, पोरीले छातीशी धरून, "डुकराहीले भेऊन आमाले माराले निघाले होते काय तुमी?"

"मले शिव्या द्या."

"देईन. आता दम नाई मले. संध्याकाळी येऊन देईन."

अन् खरंच संध्याकाळी गेली ती, अन् देल्ल्या. आमी घरातून आयकल्या. नवऱ्यानं अकोल्याहून आल्या आल्या आयकलं तं तो पयले तारीकडं गेला, मंग पोरीकडं आला, मंग माह्याकडं. म्हने, "घुर्र म्हनजे कशी? मले आयकव." मी म्हनलं, "आता नाई आयकू येत. नाई येत तेच बरं हाय." काकाले फोन केला. त्याहीनं सगळं आयकून घेतलं. मंग म्हनले, "मी तं तुले खेळ शिकवला होता व." मी म्हनलं, "हाव काका. खेळच होता." अन् दोघंही आमी रडलो, इकडं मी, तिकडं ते, गुडघ्याचं विचाराचंच राहून गेलं.

शेजाऱ्याची मशीन काई दिवसानं दुरुस्त होऊन आली. त्याहीची इच्छा होती मी उघडून पाहावं, ठीक हाय का. पन काका म्हनले, त्या मशीनीले हात लावू नको, बंद असली तरी तिच्या पोटात जोर साचलेला राहते. तं मी नाई लावला. मले जे येत नाई ते येत नाई. शेजाऱ्यानं पेटीतली ती वायर कापून रस्त्यावर फेकली, अन् लोकाहीले बोलावून दाखवली, कोनी लावू नका म्हनले. आपली चूक अशी दाखवाले मोठं काळीज लागते.

पन माही भीती काई कमी नाई झाली लगेच. उलट वाढली. पोरीले कडेवरून खाली ठेवूच शकत नव्हती मी. दिवसभर कडेवर. पाठ मोडून आली. पोरगी खाली उतराले रडे, पाय झाडे, तरी नाई. आत्याबाई पाहे.

मंग एक दिवस सकाळी शेजारी धुऱ्यावर येऊन उभे राहिले अन् आवाज देल्ला. "बाई, इकडं ये थोडं. पोरीले घेऊन ये."

मी गेली, पन लांबच थांबली. त्याहीनं हात वर केला. हातात पेटीतले फ्यूज होते, सगळे. "हे पाह्य. मोटारीची पेटी उघडी हाय, फ्यूज माह्या हातात. मशीनही बंद केली, तिची वायर काढून ठेवली. तुही मशीन तुह्या मालकानं बंद केली. दोन्ही तारी मेलेल्या हायेत. आयक तुह्या रेडिओत."

मी रेडिओ संग आनलाच होता, आता मी त्याच्याशिवाय वावरात जात नव्हती. लावला. फिरली, पूर्ण फिरली. टक् नाई, घुर्र नाई. नुसतं साफ खर्र, अन् त्याच्यात लांबचं कोनी तरी बोलून राहिलं होतं.

"आता सोड तिले," ते म्हनले. "मी इथीच उभा राहतो. तू म्हनशीन तवा फ्यूज लावीन, तुही मर्जी होईस्तोर नाई."

माह्यामांगं आत्याबाई येऊन उभी होती. तिनं माह्या पाठीवर हात ठेवला, ढकललं नाई, नुसता ठेवला. मी पोरीले खाली ठेवलं. बोट धरून ठेवलं थोडं. मंग सोडलं.

ती झेंडूच्या ओळीतून निघाली, एकदा पडली, उठली, हाताची माती झबल्याले पुसली. तारीखालून वाकून पलीकडं गेली. शेजाऱ्यानं खाली बसून तिच्या मुठीत ओल्या शेंगा देल्ल्या, एका हातानं, दुसऱ्या हातात फ्यूज तसेच वर धरून, मले दिसतीन असे. पोरगी शेंग सोलू शकत नव्हती, तं त्याहीनं दातानं फोडून देल्ली. ती तिथीच मातीत बसून खाऊ लागली. ऊन चढून राहिलं होतं. मी रेडिओ बंद केला अन् फुलं तोडाले लागली.